भिंतीकडचं चाक

बाबा,

तुमच्या गाडीची चाकं खोलायला मला चार दिवस लागले, आणि हे सांगायला घरात कोणी नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे. रिटायर झाल्यावर तुम्ही हौसेनं घेतलेली ती पांढरी गाडी अजून अंगणात टिनाच्या शेडखाली उभी आहे. तुम्ही गेल्यापासून जागची हलली नाही, चारही टायर बसलेत. रायपूरहून धाकटा फोन करतो, "ताई, कब तक रखोगी? जगह तो खाली करो." त्याची मराठी आता 'ताई'पुरतीच उरली आहे. नोकरी संपवून जबलपूरहून मी या घरात परत आले त्याला दोन वर्षं झाली, आणि मराठीत बोलायचं तर मला देवाशी नाहीतर उतू जाणाऱ्या दुधाशी बोलावं लागतं. शेवटी मीही विकून टाकू म्हटलं. तिरोडीकडचा एक जुन्या गाड्या घेणारा माणूस येऊन पाहून गेला. त्यानं नटांना पाना लावला, त्यावर लोंबकळला, घामाघूम झाला. "सब जाम है दीदी. किसी से खुलवा लो, मैं अपने चक्के लगाकर ले जाऊँगा. नहीं खुले तो रहने दो, काटने-पीटने का काम हम नहीं करते." रविवारी येतो म्हणाला.

नट कशानं जाम झाले हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. माझ्या पूजेनं झाले. तुमचा दसरा आदल्या दिवशी सुरू व्हायचा. बैहरच्या रस्त्यावर साहेबांची सरकारी जीप चालवण्यात तुमचा जन्म गेला, पण चाकं तुम्ही कधी दुसऱ्याला खोलू दिली नाहीत. अजून दिसतं मला: तुम्ही स्वयंपाकघरातून आईची परात उचलून आणता, सगळे नट तीत घासलेटात भिजत घालता, आणि आई चुलीपासून ओरडते, "आता यात कणीक कोण भिजवन? तुमची जीप?" तुम्ही हसता आणि माझ्या हातात चिंधी देता. मी कुंकवाची वाटी घेऊन आले की दटावता, "आधी हात काळे कराचे, मंग कुंकू लावाचं." तुमच्यामागे मी काळे हात तेवढे सोडून दिले. दरवर्षी दसऱ्याला जबलपूरहून एक दिवस यायचं, चाकांवर पाणी घालायचं, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडून त्याचं पाणी नटांवर शिंपडायचं, फोटो काढून धाकट्याला पाठवायचा आणि बस गाठायची. भिंतीकडच्या मागच्या चाकापर्यंत तर मी कधी गेलेच नाही. तिथे अंग चोरून शिरावं लागतं, साडीला जळमटं लागतात. त्याला इकडूनच अक्षता फेकायच्या. एवढं पाणी पाजल्यावर लोखंड गंजेल नाही तर काय करेल?

तुमचा शेवटचा दसरा मात्र मी खूप दिवस आठवायचा टाळला. तुमचे हात थरथरायला लागले होते, म्हणून चाकं मी बसवत होते. मला परतीची घाई होती. पाना लावून मी त्यावर पाय देऊन उभी राहिले आणि दोन उड्या मारल्या, तशी तीन चाकं झाली. तुम्ही रागावलात. "अव, काहून उड्या मारून राह्यली? नट आपल्या जोरानं नाही कसत. जो खोलन त्याच्या जोरानं कसाव. उद्या जंगलात तुझी माय एकटी असन, तं थे काय करन?" आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी चिडून म्हटलं, "बाबा, आता हे कोण खोलनार हाय?" तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घेतला. "तूच खोलशीन," म्हणालात, आणि भिंतीकडच्या चाकाशी जाऊन बसलात. मी बाहेरून दोनदा हाक मारली, बस चुकेल म्हणून. तुम्ही "हौ, हौ" म्हणत राहिलात आणि उठला नाहीत. मी तशीच निघाले. थंडीत तुम्ही गेलात.

या चार दिवसांत मी काय काय केलं! डिझेल घातलं, हातोडीनं ठोकलं, भरवेलीच्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून लांब पाइप मागून आणला आणि पान्यात अडकवला. तो छिन्नी घेऊन यायला निघाला होता, मी नको म्हटलं. तुम्ही शिकवलं होतं तसा जाम नट आधी जरासा कसला, मग उलटा फिरवला. एकेक नट किंचाळत सुटला. हाताला फोड आले. ज्यांच्यावर उड्या मारल्या होत्या ती तिन्ही चाकं मी अशी शिव्या देत सोडवली, त्यातल्या बऱ्याच मला स्वतःलाच होत्या. काल संध्याकाळी भिंतीकडे शिरले. पाइप लावायला तिथे जागाच नव्हती. नुसता पाना लावला, सगळा जीव एकवटून दाबला आणि दाणकन भिंतीवर आदळले, कारण नट माझ्या एका हातानं सुटला होता. आत सगळीकडे ग्रीस होतं, अजून ओलं. चारही नट तसेच. ज्या चाकाला मी कधी कुंकू लावलं नाही, ते तुम्ही माझ्या हाताचा जोर ओळखून कसून ठेवलं होतं. मी तिथेच बसून रडले, बाबा. मला हाक मारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे उठायला खूप वेळ लागला.

मग नट परत बसवायला घेतले आणि हात थांबला. माझ्यानंतर हे खोलायला कोण आहे? कोणाच्या जोरानं कसू? शेवटी आणखी दहा-पंधरा वर्षांनी माझ्या हातात जेवढा जोर उरेल, तेवढ्यानंच कसले.

आज अकराला तो माणूस आला. तीन चाकं पाहून खूश झाला. चौथं नाही खुललं म्हटलं, तर म्हणाला, "मैं देखूँ?" आणि भिंतीकडे निघाला. मी म्हटलं, "उधर मत जाना भैया, ततैयों का छत्ता है." तो दोन पावलं मागे आला, डोकं खाजवलं आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला. धाकट्यालाही मी फोनवर तेच गांधीलमाश्यांचं पोळं सांगितलं. हे पत्र आता पान्याच्या पिशवीत ठेवते. ती पिशवी दसऱ्याच्या आदल्या दिवशी उघडायचीच आहे.

तिथे छत्ता-बित्ता काही नाही, बाबा.