दीपस्तंभाच्या खिडकीतला दिवा

४ मार्च
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या शोधांचं असंच होतं. शोध लागतो, तारीख लिहायची राहते, आणि मग श्रेय भलताच कोणीतरी घेऊन जातो. माझ्या बाबतीत हे होणे नाही.

शोध असा. आमच्याकडे एक जुना व्हिडिओ गेम आहे. खरं नाव परदेशी, जीभ वळत नाही, म्हणून घरात त्याला 'दीपस्तंभ' म्हणतात. एक बेट, बेटावर एक टोपीवाला. आपण त्याला चालवायचं, किल्ल्या शोधायच्या, शेवटी होडीत बसून निघून जायचं. सामान्य लोक एवढंच करतात. मी पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून खेळतोय. मला माहीत आहे की धक्क्यावरचं मांजर तुमच्या खिशात मासा असेल तरच मान वळवतं. पाववाल्याचं दार उगाच वाजवत राहिलं तर दुसऱ्या दिवशी तो पाव महाग करतो. खानावळीतल्या तसबिरीतल्या म्हाताऱ्याचं नाक आणि टोपीवाल्याचं नाक एकच, म्हणजे ते आजोबा. हे खेळात कुठेही सांगितलेलं नाही. डोळे असले की दिसतं.

आणि आज संध्याकाळी हे दिसलं: धक्क्याच्या टोकाला उभं राहिलं की वर उजव्या कोपऱ्यात दीपस्तंभाची खिडकी येते. तिच्यातला दिवा लुकलुकतो. कधी लांब, कधी आखूड. हा संदेश आहे. आत कोणीतरी आहे. इंटरनेट पालथं घातलं. याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे मीच पहिला.

६ मार्च
दुकानात मालकांना सांगितलं. ते फ्रेम पुसत होते. म्हणाले, छान आहे, त्या बाईंना जवळच्या नंबरच्या काचा दाखवा. चष्म्याच्या दुकानात हयात घालवली आणि माणसाला दृष्टी नाही.

संकल्प: रोज संध्याकाळी फक्त दिव्याचं निरीक्षण. बाकी खेळ बंद. मांजराकडेसुद्धा बघायचं नाही.

संदेशाचं पहिलं अक्षर 'म' असावं. किंवा 'स'.

८ मार्च
बायकोची तक्रार, टीव्हीचा कोपरा फडफडतोय. तिच्या मालिकेतल्या सासूबाई उजवीकडे उभ्या राहिल्या की त्यांचं कपाळ सारखं चमकतं म्हणे. बातम्यांच्या वेळी कोपऱ्यातलं घड्याळही. समजावलं की मालिकावाल्यांचं लाइटिंग स्वस्तातलं असतं. शिवाय तुझा नंबर वाढला असेल, दुकानात ये, तपासून देतो.

आली. नंबर तसूभरही वाढलेला नाही. दुकानातलं मशीन जुनं झालंय. मालकांच्या कानावर घालायला हवं.

९ मार्च
पोरगी पाणी प्यायला बाहेर आली. नववीत आहे, हल्ली पाणी प्यायलाच बाहेर येते. तिला दिवा दाखवला. तिने बघितला, मग टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, बाबा, दुसऱ्या कुठल्या टीव्हीवर लावून बघितलंस का? मी म्हटलं, मूळ पुरावा इथे असताना गावभर कशाला हिंडायचं? तिने खांदे उडवले आणि आत गेली. दार लावलं, कानात ते घातलं.

पूर्वी माझ्या बाजूला बसायची. पाय जमिनीला पोचायचे नाहीत.

शोध जगासाठी आहे हे खरंच. पण तिने एकदा येऊन बाजूला बसावं, एवढंही त्यात आहे. हे वाक्य नंतर खोडायचं.

११ मार्च
मोठी बातमी. वाचनालयात रविवारी 'माझा छंद' नावाचं व्याख्यान असतं. मागच्या वेळी एका निवृत्त गृहस्थांनी निवडुंगावर बोलून लोकांना झोपवलं. या रविवारी मी. विषय: 'व्हिडिओ गेममध्ये दडलेल्या गोष्टी'. ग्रंथपालबाईंनी विचारलं, दाखवण्यासारखं काही आहे ना? नुसतं बोलणं नको. म्हटलं, बाई, भिंतीवर इतिहास घडताना दाखवतो. त्यांनी प्रोजेक्टर द्यायचं कबूल केलं.

दुकानात सगळ्यांना आमंत्रण. गिऱ्हाइकांनाही. एका आजोबांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यांनाही.

१३ मार्च
घरात फितुरी. बायकोने परस्पर टीव्ही दुरुस्तीवाला बोलावला. नशिबाने आज लवकर घरी आलो होतो. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन उभा होता. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाला. जगातले सगळे अनर्थ पाच मिनिटांचेच असतात. दारातूनच वाटेला लावला.

 बायको आता मालिका फोनवर बघते. घरात शांतता. शास्त्रज्ञाला लागते तशी.

१५ मार्च
संदेश उलगडला. 'मी इथे आहे. शिडी.' शिडीबद्दल किंचित शंका, पण 'मी इथे आहे' दगडावरची रेघ.

मेहुण्याला फोनवर सांगितलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, भावोजी, परदेशातल्या गेममधला दिवा मराठीत कसा काय बोलतो? म्हटलं, संदेश खरा असला की ज्याला कळायचा त्याच्या भाषेत कळतो.  या लोकांना शंका घेण्याचाच पगार मिळतो.

पोरीला विचारलं, रविवारी तू कंट्रोलर धरशील का, मी बोलेन. तिची बास्केटबॉलची प्रॅक्टिस होती. जरा वेळ विचार केला तिने. मग म्हणाली, येते, पण लोकांसमोर मला 'नीट धर' म्हणायचं नाही. क्षुल्लक अट. मान्य.

तिच्या दोन मैत्रिणीही येणार आहेत. म्हणजे तिने त्यांना सांगितलंय. स्वतःहून.

१७ मार्च, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. घसा उत्तम. आजच्या तारखेखाली रेघ मारून ठेवतो.

१७ मार्च, दुपार
घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.

हॉल भरलेला होता. पुढच्या खुर्च्या तरी. मालक आले होते, निवडुंगवाले होते, पोरीच्या मैत्रिणी मागे. सुरुवात झकास. मांजराने मासा बघून मान वळवली तेव्हा टाळ्या. तसबिरीतल्या आजोबांच्या नाकाला हशा. पोरगी टोपीवाल्याला इतक्या सफाईने नेत होती की मी दोनदा बोलायचं विसरलो. मग तिने त्याला धक्क्याच्या टोकाला नेऊन उभं केलं. मी म्हटलं, आता श्वास रोखून त्या खिडकीकडे बघा.

सगळ्यांनी बघितलं. दिवा जळत होता. नुसता जळत होता. समईतल्यासारखा, स्थिर.

म्हटलं, थांबा. थांबले. कोणीतरी खोकलं. निवडुंगवाल्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, आता लुकलुकेल का? मी पोरीला म्हटलं, जरा डावीकडे घे. घेतलं. उजवीकडे घे. घेतलं. दिवा ढिम्म. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "नीट धर ना, तुझ्यामुळे होतंय हे."

माइक चालू होता. मागे मैत्रिणी हसल्या. पोरीने कंट्रोलर टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेली.

मी जाहीर केलं की वाचनालयाच्या प्रोजेक्टरला इतके बारकावे पकडता येत नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, अंगणही वाकडं आहे. ग्रंथपालबाईंनी चहा आणला.

निष्कर्ष: प्रोजेक्टर भिकार.

१८ मार्च
घरच्या टीव्हीवर तपासलं. दिवा लुकलुकतो. मी बरोबर होतो. हे ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.

दुकानात मालकांनी व्याख्यानाचा विषय काढला नाही. दिवसभर काचा पुसायच्या कापडांच्या घड्या घालायला दिल्या. माझ्या मागे लागलेली ही मौनाची साथ आहे. पोरगीही बोलत नाही. ताट घेऊन आत जाते.

संकल्प: उद्या तिला शांतपणे समजावायचं की 'तुझ्यामुळे' हे मी प्रोजेक्टरला उद्देशून म्हटलं होतं.

१९ मार्च
दुकानात गर्दी होती. समजावणं उद्यावर.

२० मार्च
घात झाला. घरी आलो तर टीव्ही दुरुस्त. आतल्या दिव्यांच्या एका पट्टीची वायर सैल झाली होती म्हणे, कोपरा त्यामुळे फडफडत होता. सासूबाईंचं कपाळ शांत. घड्याळ शांत. धावत धक्क्यावर गेलो. खिडकीतला दिवा स्थिर.

बायकोला म्हटलं, आत एक माणूस बोलत होता, तू त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलंस. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या खिडकीतल्याचं राहू द्या. आतल्या खोलीत एक आहे, तिच्याशी बोला."

विषयांतर. वायर सैल होती हे मला मान्य आहे. पण ती नेमकी त्याच कोपऱ्यात का सैल झाली, याचं उत्तर कोणाकडे नाही.

२१ मार्च
पोरीच्या दारापर्यंत गेलो. वाजवलं. तिने उघडलं. मी विचारलं, माझा चार्जर बघितलास का? तिने तिचा दिला. माझा खिशातच होता. आता माझ्याकडे दोन आहेत.

२२ मार्च
दुसरा चार्जर परत करायच्या निमित्ताने जाणार होतो. पण तिची परीक्षा आहे. असावी.

गेम विकून टाकायचा विचार आला. झटकला. शत्रूला तेच हवंय.

२४ मार्च, रविवार, दुपार
बायको बहिणीकडे. पोरगी प्रॅक्टिसला. मी टोपीवाल्याला धक्क्याच्या टोकाला उभं केलं आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून बसलो. काही शोधायचं म्हणून नाही. हात चालेनात. खिडकीकडे बघत नुसता बसलो होतो.

बऱ्याच वेळाने टोपीवाल्याने आपणहून टोपी काढली. बाजूला ठेवली. धक्क्याच्या कडेला बसला, पाय पाण्यावर सोडले. मांजर आलं, खिशात मासा नसताना आलं, आणि त्याला टेकून बसलं. आणि वर दीपस्तंभाची खिडकी उघडली. एक म्हातारी वाकली, तिने धुतलेले मोजे दोरीवर घातले, खाली बघून हात हलवला. टोपीवाल्याने हात हलवला.

मी हललो नाही. हललो असतो तर तो उठला असता. खिडकीत माणूस होताच. मी म्हणत होतो.

तेवढ्यात पोरगी आली. बॉल दाराशी ठेवला. टीव्हीकडे बघितलं आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी कुजबुजत म्हटलं, "बघ. कोणाला माहीत नाही हे. जगात मी पहिला."

"हे सगळ्यांना माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. त्या रविवारनंतर तिचं हे पहिलंच वाक्य. "काही न दाबता बसलं की होतं. आता ती भांडी घासायला जाईल."

म्हातारी आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला.

मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, दुसरीत असताना. फोन आला की तू कंट्रोलर माझ्याकडे द्यायचास आणि सांगायचास, कशाला हात लावू नकोस, मी आलोच. मी हात लावायचे नाही. खूप वेळ.

म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालास, मध्ये बोलू नकोस."

असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.