सुपारीएवढा शंख

१४ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, एकाच हाताने, कारण दुसऱ्याने नाक धरलं आहे.

इकडे सर्व कुशल, असं लिहायची पद्धत आहे. पण चार दिवस घरात जो वास मुक्कामाला होता, त्याला कुशल म्हणणं मला जमणार नाही. हिने आधी माझ्या मोज्यांवर संशय घेतला, मग थेट माझ्यावर. मी उंदराचं नाव पुढे केलं. "उंदीरसुद्धा मरायला बरी जागा शोधतो," ही म्हणाली आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

मग काय, उपसली खोली. पिवळी पडलेली मासिकं, दुरुस्त करू म्हणून ठेवलेले दोन पंखे, एक पाय गमावलेली खुर्ची. वास जागच्या जागी.

शेवटी खिडकीच्या कठड्यावर सापडला तो. तू निघताना माझ्यासाठी ठेवून गेलेला समुद्री गोगलगायीचा शंख! सुपारीएवढा, केशरी अंगावर जांभळे ठिपके, लग्नाला निघाल्यासारखा नटलेला. किनाऱ्यावर तू तो कानाशी हलवून म्हणालीस, "रिकामा आहे रे." ताई, तू जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलंस. तोंडावरची ती चकती म्हणजे गोगलगायीचं दार; आणि दार आतून लावलेलं असलं की घरात कोणीतरी असतं, हे मी तुला सांगायचं?

उकळत्या पाण्यात टाकून टाचणीने ओढलं बिचारीला. अर्धी आली, अर्धी अडून बसली. चहाचं पातेलं आता मला बक्षीस मिळालं आहे.

त्या दिवशी किनाऱ्यावर तू आणखीही काही बोललीस. भाऊजी गेल्यापासून घर खायला उठतं, त्यात मालकाने जागा सोडायला सांगितली आहे, "तुमच्याकडे आले तर?" मी म्हणालो, मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तू लगेच वाकून शंख वेचायला लागलीस.

आता ती सबब भंगारवाला घेऊन गेला. पडदे हिने निवडले. माझं मत कोणी विचारलं नाही.

माझ्या परीक्षेच्या वर्षी आई म्हणाली, "त्याला उजेड लागतो," आणि तू खिडकीजवळचा पलंग सोडलास. "परीक्षेपुरता हं," म्हणाली होतीस. पुढे तू लग्न होऊन गेलीस, तरी तो माझ्याकडेच राहिला. काल या खोलीतला पलंग मी खिडकीशी सरकवला. एकट्यानेच, त्यामुळे पाठ धरली आहे.

शंख धुऊन कठड्यावर ठेवला आहे, झाकण न लावता. घराची किल्ली याच पाकिटात आहे. येताना दुसरा शंख आणू नकोस.

तुझा,
परीक्षा संपलेला भाऊ