जॉइंट की सेपरेट

आई, तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न्स आम्ही भरलेच नव्हते, हे मला मागच्या महिन्यात कळलं. तेही लेकीमुळे. कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या अर्जाला आमचे रिटर्न्स लागत होते. "बाबा, आय नीड देम बाय फ्रायडे," ती रोज म्हणायची आणि हा "देतो गं" म्हणत गाडी काढायचा. शुक्रवारी ती शाळेत गेल्यावर किचनमध्ये उभ्याउभ्याच त्याने सांगितलं. नोकरी गेल्यावर घेतलेल्या कॉन्ट्रॅक्टच्या कामात टॅक्स आधी कापला जात नव्हता. पहिल्या वर्षी भरायला पैसे नव्हते म्हणून रिटर्न राहिला, मग पुढच्यांची भीतीच बसली. टॅक्सचं तोच बघतो. मी माझे पगाराचे कागद त्याच्या टेबलावर ठेवायचे आणि पुढे काही विचारायचे नाही.

न विचारणं मी तुझ्याकडून शिकले. मी दहाएक वर्षांची असेन. जेवताना बाबांना विचारलं, "या महिन्यात पगार नाही झाला?" तू मला आत बोलावलंस. भाकरी थापणारे हात थांबले नाहीत. "ताटावर बसलेल्या माणसाला पैशाचं विचारतात? सांगायचं तेव्हा सांगतील ते." आणि सुट्टीत मी तुझ्या पतपेढीत येऊन बसायचे, तर काउंटरवर तू निराळीच असायचीस. "पगार किती? आधीचं कर्ज? खरं सांगा हं काका, नाहीतर तुमचा जामीनदार अडकेल." तिथे तुला कुणाचा संकोच नसायचा.

इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनी गावात, एक काकू घरी टॅक्सची कामं करतात. त्यांच्याकडे बसल्याबसल्या हा म्हणाला, "जॉइंटच करू काकू, स्वस्त पडतं." काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू आधी गाडी नीट लाव. माझा अख्खा ड्राइव्हवे अडवलायस." तो बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "जॉइंटवर, म्हणजे दोघांच्या एकत्र रिटर्नवर, सही केलीस की त्याने लपवलेलंही तुझ्या गळ्यात. सगळं सांगितलंय ना त्याने?"

"सांगितलं असेल."

"असेल? अगं, विचारलंस का? विचारून ये, नाहीतर तुझा तू सेपरेट भर."

रविवारी दुपारी बेसमेंटमध्ये, त्याच्या टेबलाशी, मी विचारलं. "अजून काही आहे?"

"आता पोलिसासारखी चौकशी करणार?"

"हो."

त्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "गेल्या वर्षी थोडे शेअर्स विकले. तुला टेन्शन नको म्हणून..."

"आणखी?"

"नाही."

"नक्की?"

"नाही गं. खरंच नाही." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं, आणि मी खुर्चीतून हललेसुद्धा नाही.

शेअर्सचं काकूंना सांगितलं आणि जॉइंटवर सही केली. विश्वास पूर्ण बसला म्हणून नाही. विचारल्यावर त्याने उत्तर दिलं, एवढ्यासाठीच. बाबांनी तुला कधी काही सांगितलं का गं? की तू वाट बघतच गेलीस? मला तुझा राग येतो, आणि तो आला की लगेच तुझी आठवण येते.

हे पत्र मी कुणाला वाचायला देणार नाही, त्याला तर नाहीच. कारण त्या दुपारी लेक बेसमेंटच्या जिन्यात वरच्या पायरीवर येऊन बसली होती. त्याची तिकडे पाठ होती. मला ती दिसत होती, आणि तरी मी आवाज खाली आणला नाही.