कान चांगले असल्याचा कागद

बाबा,

तुमाले फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहून ठेवते. कापसाच्या जिनिंगच्या हापिसात तुमच्या कानाचा रिपोर्ट पाहिला अन् मी हादरलीच. 'ऐकणं उत्तम' लिहिलं हाये! तपासणीची तारीख सतरा. सतराले तर तुमी मूर्तिजापूरले आत्याच्या तेरवीत होते. मंग कान तपासले कवा? हापिसातल्या बाबूले विचारलं तर म्हणे, "आमचा डॉक्टर लिहील तेच खरं."

वकीलबाई म्हणाल्या, मशिनीच्या आवाजानं कान गेल्याची भरपाई मागाले तपासणारा डॉक्टर आपण आपला निवडू शकतो. मी अमरावतीले कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावाले चालली.

जिनिंगचं कोणी आलं तर कशावरबी सही करू नका. अन् ऐकू आलं नाही की तुमी मान हलवून हो म्हणता, ते आज नका करू.

प्रणाली