दोन्ही काचा डाव्या

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (शब्दशः. हे पत्र लिहायला बसण्याआधी टेबलाखाली घरंगळलेला एक स्क्रू शोधत मी जमिनीवर पालथा पडलो होतो. तोंड तुमच्या घराच्या दिशेला होतं, तेव्हा तोच नमस्कार आपल्या चरणी रुजू करतो.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा अजून जिना चढताना वाजतो का? आणि दुकानात येऊन एकही चष्मा न घेता सगळे चष्मे घालून आरशात स्वतःलाच बघणारे ते गृहस्थ अजून येतात की त्यांना एखादा पसंत पडला? आईने माझ्याबद्दल तुम्हाला काय काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. त्यात एकच दुरुस्ती करतो. मला कॉलेजातून कुणी काढलेलं नाही. प्रकाशाच्या प्रयोगाच्या वेळी सर मला "बाहेर जा" म्हणाले आणि मी गेलो. त्यांच्या मनात तेवढ्या तासापुरतंच असेल. पण मला कुठलीही गोष्ट अर्धवट करायची सवय नाही, म्हणून कायमचा गेलो. (भिंग त्यांनी उलटं लावलं होतं. मी ते फक्त सांगितलं. आवाज थोडा चढला असेल, शेजारच्या वर्गातली मुलं बघायला आली होती म्हणे.)

हे पत्र केवळ खुशालीचं आहे. मला काही नको आहे. उलट मी इतका सुखात आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि डोळ्यांबद्दल बोलायचं तर घराण्यात तुमच्याशिवाय आहे कोण?

मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. (मी आधी काका म्हणणार होतो. पण त्यांना काका म्हटलं की त्यांच्या मुलीला काय म्हणायचं, असा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला, म्हणून उस्तादच बरं.) पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता देखावे दाखवतात. देखावे म्हणजे आपल्या शाळेत भिंतीवर दाखवायचे तसल्या स्लाइडी नव्हेत. उस्ताद प्रत्येक दृश्याचे दोन फोटो काढतात, एक डाव्या डोळ्यासाठी आणि एक, कॅमेरा चार बोटं उजवीकडे सरकवून, उजव्या डोळ्यासाठी. कॅमेरा सरकवायला त्यांनी कपाटाच्या ड्रॉवरची पट्टी काढून तिपाईवर बसवली आहे. (ते कपाट तेव्हापासून उघडंच असतं.) आणि एवढ्याने भागत नाही. देखावा रुंद हवा, मान फिरवून बघावा लागेल असा, म्हणून डावीकडचा, मधला आणि उजवीकडचा असे तीन तुकडे. तीन तुकड्यांचे सहा फोटो, सहा प्रोजेक्टर, सहाही एकाच वेळी एकाच रुपेरी पडद्यावर. साध्या पांढऱ्या पडद्यावर हे चालतच नाही, म्हणून आख्ख्या पडद्याला उस्तादांनी स्वतः रुपेरी रंग दिला, सतरा हात. लोकांना दारातच पुठ्ठ्याचे चष्मे देतात. त्या काचा अशा की डाव्या डोळ्याला फक्त डावं चित्र दिसतं आणि उजव्याला फक्त उजवं. मग डोक्यात दोन्हींची गाठ पडते आणि मामा, भिंत नाहीशी होते! खरंच नाहीशी होते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडद्यातून एक फांदी थेट माझ्या नाकापर्यंत आली आणि मी तिच्यावर बसलेला मुंगळा झटकला. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसले होते, त्यांनी पाणी दिसताच पाय वर घेतले.

याच पोस्टमननी एकदा चष्मा उलटा, म्हणजे वरची बाजू खाली करून घातला होता. कानावर अडकवायच्या आकड्या शिंगांसारख्या वर आल्या होत्या. उलटा घातला की डाव्याचं चित्र उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला जातं, त्यामुळे त्यांच्यापुरता डोंगर पुढे आला आणि झुडूप त्याच्यामागे गेलं. उस्तादांनी अंधारातूनच ओरडून चष्मा सरळ करायला सांगितलं, तर ते म्हणाले, राहू द्या हो, डोंगर एवढ्या जवळून या वयात पुन्हा कोण दाखवणार? उस्तादांना अशा गोष्टींचा भयंकर राग येतो. मान तिरकी केलेलीही त्यांना खपत नाही, कारण मान कलली की एकाची दोन चित्रं दिसतात. मागच्या रांगेत कुणी कुणाच्या खांद्यावर डोकं टेकलं की ते थेट "माना सरळ!" म्हणून गरजतात. (म्हणजे जगात प्रेमात पडलेल्या माणसांसाठी जे जे खेळ आहेत, त्यांत हा बसत नाही, हे मी लवकरच ओळखलं. पण तोवर उशीर झाला होता.)

आता त्यांच्या मुलीबद्दल. मामा, तुम्ही हसू नका. स्लाइडी फ्रेममध्ये बसवायचं काम तिच्याकडे आहे. खिडकीशी टेबल, खालून उजेड येणारी काच, एक मऊ ब्रश आणि एक भिंग. धुळीचा एक कण जरी डाव्या स्लाइडीवर राहिला तरी तो पडद्यावर हवेत तरंगतो, इतका की लोक हात मारतात. ती ब्रश असा फिरवते की तो कण स्वतःहून निघून जात असावा. उस्ताद दोन डोळ्यांच्या यंत्रातून जोडी जुळवतात. ती मात्र भिंगातून एका डोळ्याने बघून, पट्टीने मोजून जुळवते, आणि दरवेळी केसाइतकाही फरक पडत नाही. डाव्या स्लाइडीच्या कोपऱ्यात लाल ठिपका देते. तो ठिपका इतका गोल असतो की मी त्यावर एक आख्खा आठवडा विचार केला आहे. मी कुणाशीही भांडू शकतो हे तुम्ही जाणता. बसवाल्याशी, सरांशी, बाबांशीसुद्धा. पण तिच्यासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडून फक्त प्रोजेक्टरच्या बल्बबद्दल वाक्यं बाहेर पडतात. एकदा तिने विचारलं, आज जेवलात का? मी म्हणालो, अडीचशे वॅटचा.

तेव्हा मी ठरवलं की बोलणं आपल्याला जमणार नाही, दिसणं जमेल.

गेल्या महिन्यात आम्ही तलावावर गेलो. सकाळचं धुकं पाण्यावर बसलं होतं, असं की उस्ताद तिपाई चिखलातच रोवायला लागले. ते म्हणाले, एवढं धुकं मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही, सहा फोटो होईपर्यंत कुणी श्वास घेऊ नका. चित्रात काहीतरी जवळचं असल्याशिवाय लांबचं लांब वाटत नाही, हा त्यांचा नियम. म्हणून तिसऱ्या तुकड्यात काठावरच्या बाकावर मुलीला बसवलं, पाण्याकडे तोंड करून, आणि हलू नको म्हणून बजावलं. माझं काम छत्री धरायचं, भिंगावर ऊन येऊ नये म्हणून. बटण दाबताना उस्ताद भिंगातून बघत नाहीत, धुक्याकडे बघतात. हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या तुकड्याची वेळ आली तसा मी छत्री ठेवली, वाकून धावलो, आणि बाकाच्या मागे दोन पावलांवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात आदल्या संध्याकाळी गोळा केलेली रानफुलं, चेहऱ्यावर जे काही मनात होतं ते सगळं. (चेहऱ्याचा सराव मी तीन दिवस पत्र्याच्या डब्याच्या झाकणात बघून केला होता.) डावा फोटो झाला. उस्तादांनी कॅमेरा सरकवला, भिंगावर ऊन आलं, आणि मागे न बघता त्यांनी हाक मारली, "छत्री!" मामा, त्या आवाजात काय असतं कोण जाणे. मी फुलं टाकली आणि धावलो. उजवा फोटो झाला तेव्हा मी छत्री धरून इमानाने उभा होतो.

म्हणजे काय झालं, तुमच्या लक्षात आलंच असेल. मी जगाच्या फक्त डाव्या डोळ्यात उभा राहिलो.

स्लाइडी धुऊन आल्या त्या नेमक्या खेळाच्याच दिवशी. तिने घाईघाईने बसवल्या, मी खाली खुर्च्या मांडत होतो, आणि संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात एकशेवीस माणसांसमोर ते धुकं उलगडलं. लोकांनी एकदम श्वास आत घेतला तो मी ऐकला. मग उजवीकडून खसखस सुरू झाली. बाकाच्या मागे मी होतो, पण पुरता नव्हतो. डावा डोळा म्हणत होता हा आहे, उजवा म्हणत होता कुणीच नाही, आणि दोघांच्या भांडणात मी फुलं घेऊन लुकलुकत होतो. दुसऱ्या कुणी दिवे लावले असते. उस्तादांचा आवाज मात्र तसाच शांत आला: उजवीकडे बाकामागे जे गृहस्थ डाव्या डोळ्याला दिसत आहेत ते आमचे सहायक, उजव्या डोळ्यासाठी त्यांना वेळ मिळाला नाही. आणि पुढचा देखावा. मी या माणसाच्या पायाचं पाणी प्यायला तयार आहे.

खेळानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता मुलीचा विषय निघणार. त्यांनी विचारलं, फुलं कशाला? मी म्हणालो, जवळची वस्तू म्हणून, तुम्हीच म्हणता ना की चित्रात काहीतरी जवळचं हवं. ते म्हणाले, "जवळच्या वस्तूने मधेच पळून जायचं नसतं." मग जोडी फोडली म्हणून जे काही बोलले ते मी इथे लिहीत नाही, मामी पत्र वाचतात.

पण खरा घाव पुढेच होता. खुर्च्या आवरताना तिनेच विचारलं, तुम्ही माझ्यामागे उभे होता म्हणे, कशाला? पहिल्या रांगेत बसलेली मुलगी विचारते, कशाला! मी म्हणालो, छत्री विसरली होती. आणि नंतर उस्तादांकडून कळलं की लहानपणापासून तिचा डावा डोळा जवळजवळ बघतच नाही. जन्मात तिला एकही देखावा फुगून बाहेर आलेला दिसलेला नाही. फक्त लोकांचे वर उचललेले पाय बघून ती ओळखते की जोडी नीट जुळली आहे. मामा, मला आधी रडू आलं. ज्या माणसाला मेजवानीची चव कळत नाही त्याने रोज शंभर लोकांसाठी इतकं निगुतीने रांधावं! आणि मग दुसरं रडू आलं ते स्वतःसाठी. एकशेवीस माणसांनी, त्यात पोस्टमननी, मला छातीवर हात ठेवून पाहिलं. जिच्यासाठी ठेवला तिला तेवढी बाकामागची रिकामी जागा दिसली.

असो. धुकं पुन्हा मिळेपर्यंत उस्ताद तो देखावा आणखी एकदाच, येत्या रविवारी दाखवणार आहेत. पुढे तो बाद. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (या बाबतीत तरी)
भाचा

ता.क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं ते खरंच आहे, पण सहज सुचलं म्हणून विचारतो. सोबत पुठ्ठ्याचे दोन चष्मे पाठवत आहे. दोन्हींतल्या डाव्या काचा काढून एकाच चांगल्या, हलक्या, तिच्या नाकाला टोचणार नाही अशा फ्रेममध्ये बसवून मिळतील का? दोन्ही काचा डाव्या. म्हणजे उजव्या डोळ्याला डावं चित्र दिसेल, म्हणजे मी दिसेन. काच तिरकी बसवू नका, एवढं तुम्हाला सांगायला नकोच. रविवारच्या आत हवा. (नाकाचं माप कागदावर काढलं आहे. अंदाजाने. बऱ्याच दिवसांच्या अंदाजाने.)

ता.क. दुसरा, रविवार. पत्र टपालात टाकायचं राहिलं, कारण तिकीट लावताना टपाल कचेरीतल्या माणसाशी माझं भांडण झालं. त्यामुळे चष्मा येण्याचा प्रश्नच उरला नाही आणि मी मेल्यासारखा प्रोजेक्टरपाशी उभा होतो. धुकं आलं. खसखस झाली. आणि पहिल्या रांगेत, उजेडाच्या कडेवर, मला दोन शिंगं दिसली. मला वाटलं पोस्टमन. पण पोस्टमन तिसऱ्या रांगेत होते. ती होती, मामा. चष्मा उलटा घातलेला, मान अगदी सरळ. उस्तादांना दिसलं असणारच, पण एवढा चष्म्यांवरून गरजणारा माणूस या वेळी चकार शब्द बोलला नाही. देखावा नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ राहू दिला.

नंतर मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि बल्बबद्दल बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. म्हणाली, "स्लाइड फ्रेममध्ये कुणी बसवली? मीच ना? भिंगाखाली त्याच दिवशी पाहिलं होतं. काढायची असती तर तेव्हाच काढली असती." मी म्हणालो, मग त्या दिवशी "कशाला?" असं का विचारलंत? ती म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही छत्री म्हणालात." मग चष्मा सरळ करून माझ्या हातात देत म्हणाली, "पुढच्या वेळी दोन्ही फोटोंना थांबायचं. अर्ध्यावर पळणारी माणसं मला बघता येत नाहीत."

ता.क. तिसरा. तरी चष्मा करून पाठवाच, आकड्यांनी तिचे कान लाल झाले आहेत. आणि एक अगदी किरकोळ काम. कॉलेजच्या कचेरीत जाऊन माझं नाव अजून पटावर आहे का, तेवढं सहज विचारून ठेवा. माझं नाव मात्र सांगू नका.