तळमजल्याच्या खोलीसाठी फेरमतदान

३ मार्च
तळमजल्यावरची वाचनाची खोली जाणार, तिथे स्कूटरचं पार्किंग होणार. सेक्रेटरीने जिन्यातच कन्फर्म केलं. कालच्या मीटिंगमधले हात त्याने दोनदा मोजले: बारा विरुद्ध नऊ. म्हणाला, लोकशाही आहे, काका. त्या खोलीत पेपर वाचायला रोज मी असतो. बाकीचे येऊन-जाऊन असतात. जास्त करून जाऊन.

४ मार्च
निकाल अमान्य. लोकांनी भिडेखातर हात वर केले. सेक्रेटरी समोर उभा असताना नाही कोण म्हणणार? गुप्त मतदान घ्या, म्हणजे खरं मत कळेल. तसा अर्ज दिला.

५ मार्च
प्रचार सुरू. तीन घरी बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज, मग टीव्ही बंद. कुणीच घरी नव्हतं. उद्या लवकर निघायचं.

७ मार्च
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, एकदा कौल लागला ना? की तुम्ही जिंकेपर्यंत मतं मोजायची? सांगितलं, लोकांना मत बदलायचा हक्क असतो. म्हणाली, मग तुम्ही जिंकल्यावर तिसरं मतदान घेऊ द्याल? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण तिला मीटिंग होती.

९ मार्च
अर्ज मंजूर. सेक्रेटरी म्हणाला, हे शेवटचं हं, काका. मोजणी त्याने माझ्याकडे दिली. त्यामुळे मी स्वतः मत देणार नाही, तटस्थता दिसली पाहिजे. एका मताने काय अडतंय. चिठ्ठीवर बरोबरची खूण म्हणजे खोली, फुली म्हणजे स्कूटर. आभाराचं भाषण तयार. थोडं लांबलंय.

१६ मार्च, संध्याकाळ
एकोणीस विरुद्ध एक. भिडेखातर हात वर झाले होते, हे माझं म्हणणं खरं ठरलं. फक्त ते हात माझ्या बाजूचे होते.
पण एक मत आहे. माझं नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. या बिल्डिंगमध्ये कुणीतरी आहे.
भाषण जपून ठेवलं.

१७ मार्च
दुसऱ्या मजल्यावरची नर्स लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, सॉरी काका, नाइट ड्यूटी करून आले होते, झोपेत बरोबरची खूण करून बसले. स्कूटर उन्हात तापते हो माझी. मीच तिची समजूत काढली, निकालात काही फरक पडत नाही म्हणून.
उद्या रंगारी पट्टे आखायला येणार. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे, ती न्यायला सेक्रेटरी सकाळी वर येईल. चहा घेईल बहुतेक. घाईत नसला तर बसेलही थोडा.