मी मेलो नाही, आणि डब्याविषयी

नागभीड
ता. १९ एप्रिल १९८८

तीर्थरूप पत्रूभाऊजी यांस,

धाकट्या साळ्याचा, म्हणजे हरिदासचा, सप्रेम जयभीम. केसरबाईला जयभीम आणि आशाला आशीर्वाद सांगावे. तुमची कंबर आता कशी आहे? माझ्या मयतीला तुम्ही बल्लारपूरहून ट्रकमध्ये उभ्यानं आलात, तेव्हापासून ती धरली आहे असं कळलं आणि फार वाईट वाटलं. मी खरोखर मेलो असतो तर कंबरदुखीचं निदान सार्थक तरी झालं असतं. एरंडाचं पान गरम करून बांधावं. इकडे बाबा, मनकर्णा आणि (मुद्दाम वेगळं लिहितो) मी स्वतः खुशाल आहोत.

तुमचं कार्ड पोचलं. कार्ड असल्यामुळे पोस्टमनसकट सगळ्या मोहल्ल्याला पोचलं. त्यात दोनच ओळी होत्या: 'आशीच्या लग्नात तुही जीप पाह्यजे. तो ढमढम डबा घेऊन येत असशीन तं जीपबी नोको अन् तूबी नोको.' भाऊजी, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तुम्ही पेपर मिलमध्ये वीस वर्षं तारा ओढल्या, तुम्हाला वीज कळते. मला फक्त वीज लागते. आठ मेला नवरा-नवरीला विहारापर्यंत न्यायचं ते माझ्याच जीपमधून, आणि बाबांना नातीचं लग्न दाखवायचं तेही याच जीपमधून, कारण एसटीची पायरी आता त्यांना चढवत नाही. एका डब्यापायी हे सगळं घालवण्याइतका मूर्ख मी नाही. (मनकर्णा म्हणते, आहे. आपण तिचं ऐकू नये.) तरी हे सगळं कसं घडलं ते एकदा सविस्तर लिहितो, म्हणजे लग्नात कोणी विचारलं तर तुम्हाला निदान खरं सांगता येईल.

खाज सुरू झाली ती दिवाळीनंतर. नागपूरहून शिकारखान्याचे जुने बंगले बघायला कोणी साहेब आला होता. त्याचा ड्रायव्हर स्टँडवर चहा प्यायला थांबला आणि मला गाडीत बसवून टेप लावली. भाऊजी, ते गाणं मी कानानं ऐकलंच नाही. आधी मांड्यांना ऐकू आलं, मग पोटातल्या अंबाडीच्या भाजीला. ड्रायव्हरनं सांगितलं की याला सबवूफर म्हणतात, याच्यात फक्त जाड आवाज वाजतो. तो शब्द मी दोन दिवस पाठ केला आणि तिसऱ्या दिवशी झिंगू रेडिओवाल्याकडे गेलो. झिंगूनं ही वस्तू जन्मात पाहिली नव्हती, पण येत नाही म्हणायला तो कधी शिकलाच नाही. (हा गुण आम्हा दोघांत सारखा, म्हणून आमचं पटतं.) मोडीत निघालेल्या एका नाटक मंडळाचे दोन मोठे स्पीकर त्यानं काढून दिले. डब्याला लाकूड सागाचंच हवं म्हणाला, तेव्हा मी आमच्या न्हाणीचं दार काढलं. डब्यात कापूस भरावा लागतो म्हणाला, तेव्हा गादी उसवली. त्या दिवसापासून आमच्या न्हाणीला पोत्याचा पडदा आहे, मी चटईवर झोपतो आणि मनकर्णा माझ्याशी बाबांमार्फत बोलते. बाबांचे कान तीन वर्षांपूर्वीच्या तापात साफ गेलेले, त्यामुळे एकही निरोप अजून पोचलेला नाही.

विजेचं तर तुम्हाला सांगायलाही लाज वाटते. जीपच्या दिव्याची जी बारीक तार, तिच्यावरच मी ॲम्प्लिफायर जोडला. ती इतकी तापली की मनकर्णाला वाटलं शेजारी पापड भाजताहेत. मग बॅटरीवरून थेट तार घेतली. तिचा फ्यूज दर दहा मिनिटांनी जाऊ लागला, तेव्हा फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावली. (हे वाक्य वाचून तुम्ही पत्र खाली ठेवाल. ठेवा, पाणी प्या, मग पुढे वाचा.) एवढं करून जाड आवाज काही येईना. दोन-दोन स्पीकर असून आवाज एकाच्याही निम्मा. झिंगूनं तीन दिवस विचार केला. शेवटी मनकर्णा झाडू मारता मारता थांबली, स्पीकरच्या कागदांकडे पाहिलं आणि कोणाचंही नाव न घेता म्हणाली, "एक बाहीर येते तवा दुसरा अंदर जाते. आपल्या दोघायवानी." तसंच होतं. एकाच्या तारा उलट लागल्या होत्या, आणि एकानं ढकललेलं दुसरा ओढून घेत होता. तारा फिरवल्या आणि असा आवाज आला की शेजारच्या बायनाबाईच्या छपरावरची तीन कवेलू तिच्याच अंगणात उतरली. तिची कोंबडीही त्या दिवसापासून अंडी देत नाही म्हणे, पण ती आधीपासूनच आळशी होती.

बायनाबाईनं हात जोडले, म्हणून पुढची जुळवाजुळव जंगलात करायचं ठरलं. झिंगूनं मनकर्णाच्या बेलण्यावर तांब्याची तार गुंडाळून एक कॉइल केली. (आमच्याकडे पोळी सणालाच होते, म्हणून बेलणं गेल्याचं होळीपर्यंत कोणाला कळलं नाही.) ही कॉइल म्हणजे चहाची गाळणी, बारीक आवाज अडवते आणि जाड तेवढा सोडते, असं त्यानं समजावलं. माझ्या अनुभवात गाळणी याच्या नेमकं उलट करते, पण झिंगूशी वाद घालण्यात अर्थ नसतो. वाजवायला मी टेप घेतली ती बाबांची. ताप येण्याच्या सहा वर्षं आधी दंडारीच्या खेळात त्यांनी ढोलकी वाजवली होती आणि मी मास्तरांचा टेपरेकॉर्डर मागून ती भरून ठेवली होती, ती. घरात तिच्याइतका भक्कम ठेका दुसऱ्या कशात नव्हता, एवढंच कारण.

मार्चच्या शेवटी, मोहफुलं पडायच्या दिवसांत, कोसमटोल्याच्या बाजाराला सवाऱ्या सोडल्या. परतीच्या सवाऱ्या चार वाजल्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून गावाच्या मैलभर अलीकडे नाल्याकाठी मोहाखाली जीप लावली. इंजिन बंद केलं आणि डबा चालू ठेवला, ही पहिली चूक. तुम्हीच मागे म्हणाला होता की इंजिन बंद असलं की बॅटरीला खाऊ घालणारं कोणी नसतं, नुसते खाणारेच असतात. बारीक आवाजाच्या लहान स्पीकरच्या तारा काढून ठेवल्या, म्हणजे जाड आवाज तेवढा तपासता यावा. ही दुसरी. कान सुन्न झाले म्हणून उरलेल्या कापसाचे बोळे कानात घातले. ही तिसरी. आणि पत्रा कुठं खडखडतो ते बघायला पाय बाहेर ठेवून जीपखाली उताणा शिरलो. खाली गार वाळू, वर सावली आणि पोटात भात, त्यामुळे डोळा लागला. हिला चूक म्हणवत नाही, पण मोजायचीच तर चौथी.

बॅटरी उतरू लागली की टेप मंदावते. बाबांचा दंडारीतला धावता ठेका थकत थकत चालीवर आला, मग नुसतं एक ढम आणि बऱ्याच वेळानं दुसरं ढम असं होऊ लागलं. गाणं नाही, झांज नाही, नुसता मोठा आवाज. आणि जाड आवाज जंगलात फार लांब जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोसमटोला आणि पलीकडच्या दोन टोल्यांच्या वस्तीत तो पोचला. तिकडे कोणी गेलं की असाच थांबून थांबून ढोल वाजतो, आणि ज्याला ऐकू येईल त्यानं घरचं एक लाकूड खांद्यावर घेऊन निघायचं अशी रीत आहे. कोण गेलं हे पोचल्यावर विचारायचं, निघताना नाही. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास माणसं मोहाखाली जमली. समोर जीप, जीपखालून निघालेले दोन पाय, आणि वाकून बघितलं तर कानात कापूस. आणखी काय पाहिजे?

मला जाग आली ती रडण्यानं. सोमारी, दर बाजाराला माझ्या जीपमध्ये चारोळी घेऊन बसणारी म्हातारी, माझे गुण आळवत रडत होती. कापसातून मला अर्धंच ऐकू येत होतं, पण तेवढंही पुरेसं होतं. असा भला माणूस पुन्हा होणे नाही, माणसाला माणसासारखं बसवायचा (एकोणीस बसवतो, भाऊजी, दोन बोनेटवर), कोंबडीचं भाडं कधी घेतलं नाही (कायम घेतलं, पिल्लांचंसुद्धा). खोटं कशाला बोलू, मी जागा होऊनही थोडा वेळ तसाच पडून राहिलो. मनकर्णाशी लग्न होऊन सतरा वर्षं झाली, पण माझ्याविषयी इतकं चांगलं मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी वारलू नावाच्या त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं माझा पाय धरून ओढला, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "झाल्या का सवाऱ्या?" सगळे चार पावलं मागे सरले. वारलू तेवढा सरला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मुर्दा भाडं मांगून राह्यला."

सरणासाठी आणलेलं लाकूड घरी परत नेत नाहीत. म्हणून ते तिथंच पेटवलं आणि त्याच्यावर भात शिजवला. माझ्याच मयतीनंतरचं, पुण्यानुमोदनाचं जेवण मी पंगतीत बसून जेवलो, दोनदा वाढून घेतलं. बॅटरी पार मेलेली. चाळीस जणांनी ढकलूनही जीप एकदासुद्धा खोकली नाही. दरम्यान एसटी तिथून गेली होती, आणि खिडकीतल्या लोकांनी गर्दी, लाकडं आणि दोन पाय एवढंच पाहिलं. मी गेल्याची बातमी त्याच संध्याकाळी नागभीडला पोचली आणि गाडीनं पुढे बल्लारपूरला. मी मात्र वारलूचे दोन रेडे जीपला जुंपून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. दारात ही गर्दी! मला वाटलं बायनाबाई गेली, आणि कवेलवांची भरपाई द्यायची राहून गेली हे आठवलं. मागं उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून मी हळूच विचारलं, "कोन गेला, भाऊ?" तो माणूस वळला, तर ते तुम्ही होता.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. केसरबाई माझ्या गळ्यात पडून रडली आणि लगेच चप्पल काढली. रडणं थोडं, चप्पल जास्त; पण त्या दिवशी मला दोन्हींचं बरं वाटलं. एकुलती बहीण घसा बसेपर्यंत माझ्यासाठी रडत होती आणि मी रेड्यांना हाकत येत होतो, हे आठवलं की अजून मान वर होत नाही. म्हणून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझी जीप मुकी गेली. म्हणून कोंबडीचं भाडं बंद केलं. आणि म्हणूनच डबा काढून दार न्हाणीला, कापूस गादीला आणि बेलणं मनकर्णाला परत करण्याचं वचन या पत्रानं देतो. आठ मेला जीप येईल ती रिकामी, शांत आणि धुतलेली.

बाईची क्षमा मागून, आपला आज्ञाधारक आणि तूर्त जिवंत,
हरिदास

ता. क. हे पत्र मी सकाळी लिहिलं आणि संध्याकाळी टाकतो आहे. डबा अजून काढलेला नाही. दुपारी स्क्रू काढायला पेचकस घेऊन जीपमध्ये बसलो होतो. पण बाबांना त्या डब्याची उंची स्टुलासारखी बरोबर बसते, ते त्याच्यावर बसले होते आणि उठेनात. झिंगूनं बॅटरी भरून आणली होती, म्हणून शेवटचं एकदा लावून बघितलं. तीच टेप. बाबांची बोटं मांडीवर चालू लागली. मला वाटलं योगायोग. टेप बंद केली तर बोटं थांबली. लावली तर पुन्हा चालू. मनकर्णा चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. भाऊजी, तीन वर्षं आम्ही त्यांच्या कानाशी ओरडतो आहोत, एक अक्षर आत जात नाही; आणि त्यांना सगळं बुडाखालच्या लाकडातून ऐकू येत होतं. एका जागी ते थांबले, मान हलवली आणि म्हणाले, "इथी माहा हात चुकला होता. तवाबी चुकला होता." मी टेप मागं घेऊन पाच वेळा ऐकली. खरंच चुकला आहे. मला मूर्खाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी रडलो, हे बाईला सांगितलं तरी चालेल.

ता. क. दुसरा. त्यानंतर त्यांनी डब्यावर थाप मारून मला मोठ्यानं विचारलं, "आशीच्या लग्नातला बाजा याच्यातून येईन का?" मी मानेनं हो म्हटलं आहे. तेव्हा वर जे लिहिलं ते सगळं रद्द समजावं. डबा येईल, त्याच्यावर बाबा बसतील, आणि तुम्ही म्हणाल तेवढ्याच हळू वाजेल. मला यायला नको म्हणालात तर मी विहाराबाहेर उभा राहीन, जीप तुम्ही चालवा. फक्त मांडवाच्या सामानात जाड तांब्याची सात हात तार आणि एक खरा फ्यूज घेऊन ठेवा. चांदी लावून मी माझ्या जिवाशी खेळलो, बाबांना त्याच्यावर बसवणार नाही.